परड्यातील धामण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी जिल्ह्यातील सरकारी कचेऱ्यांतून मेलेल्या सर्पांची मोजदाद होत असे, आणि त्या मोजदादीचा जो आकडा पुढील ग्रंथांतून उतरत आला आहे तो वाचताना आजही मन थबकते. ओळीने सहा वर्षे, वर्षाला सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारून आणून रयतेने सरकारी इनाम पदरात पाडून घेतले. फुरसे हा हातभर लांबीचा, कातळावरच्या सुट्या दगडाखाली किंवा करवंदीच्या बुडाशी दबून बसणारा साप. अंगाला अंग घासून तो करवतीसारखा खरखराट करतो आणि पाय पडला तर विजेच्या वेगाने दंश करतो. त्या काळी या जिल्ह्यात काम केलेले मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांना पशुपक्ष्यांचा विलक्षण नाद होता. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमधील जीवसृष्टीच्या प्रकरणाला त्यांच्याच निरीक्षणांचा आधार आहे, आणि मुंबई इलाख्यात सर्वाधिक मृत्यू या चिमुकल्या फुरशामुळे होतात हे मत त्यांनी पुढे आग्रहाने मांडले. इनामाच्या या हिशेबात एका सापाला मात्र स्थान नव्हते. कोकणातील क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याच्या ओटीवरून, माळ्यावरून किंवा परड्यातून तो वर्षातून एकदोनदा गेला नाही. लांबीने तो फुरशाच्या पाचपट, आणि विषाचा थेंबही त्याच्या तोंडात नाही. तो साप म्हणजे धामण. सरकारने तिच्यावर किंमत लावली नाही, तरीही पुढील शंभर वर्षांत आपल्या लोकांच्या हातून जितक्या धामणी मेल्या तितका दुसरा मोठा साप क्वचितच मेला असेल. हे कसे घडले, याचा इतिहास आपल्या घरांच्या, कायद्यांच्या आणि भयाच्या इतिहासात गुंतलेला आहे.

धामण सहा-सात फुटांची सहज असते आणि आठ फुटांची धामण पाहिलेले लोक प्रत्येक गावात भेटतात. रंगाने ती कुठे पिवळसर, कुठे तपकिरी, कुठे जवळजवळ काळी. ओठांवरच्या खवल्यांमधल्या काळ्या रेघा, मोठे वाटोळे डोळे आणि शेपटीकडच्या भागावरची काळी जाळी या तिच्या खुणा आहेत. नागाप्रमाणे ती फणा काढीत नाही, पण कोंडीत सापडली की मानेचा पुढचा भाग उभा चपटा करते, गळा फुगवते आणि घशातून असा घुमणारा आवाज काढते की अनुभवी माणूसही एक पाऊल मागे घेतो. ती दिवसाउजेडी हिंडते. हा तिचा गुण तिच्या जिवावर उठलेला आहे, कारण मण्यार रात्रीच्या काळोखात भुईवर निजलेल्या माणसाजवळून निघून जाते आणि कोणाच्या दृष्टीसही पडत नाही, तर धामण दुपारी बारा वाजता अंगणातून सरकत जाते आणि सारे घर काठ्या घेऊन बाहेर पडते. भयाचे माप आपण लांबीवरून घेत आलो, आणि मृत्यू मात्र बहुधा आखूड, सुस्त आणि न दिसणाऱ्या सापांच्या वाटेने येत राहिला, ही या विषयातील मूळ विसंगती आहे.

कोकणातील जुने घर कसे होते हे ध्यानात घेतल्याशिवाय धामणीचे त्यातले स्थान कळणार नाही. भिंती मातीच्या किंवा चिऱ्यांच्या, छप्पर गवताचे, पेंढ्याचे अथवा गावच्या कुंभाराने घडवलेल्या नळीच्या कौलांचे. भात मुड्यांत बांधून माळ्यावर रचलेले. मागे गुरांचा गोठा, त्याला लागून पेंढ्याची उडवी, शेणाचा उकिरडा, आणि सभोवार मातीचुन्यावाचून नुसत्या दगडांनी रचलेला गडगा. अशा घरात उंदीर येणार हे ठरलेलेच होते. मुडीचा पेंढा कुरतडून भात सांडणारा उंदीर हा त्या काळच्या कुळाचा सावकार आणि खोत यांच्या खालोखालचा तिसरा वाटेकरी म्हणावा लागेल. या उंदरामागे धामण माळ्यावर चढत असे, नळीच्या कौलांखालून एका पाखीतून दुसऱ्या पाखीत जात असे, आणि वाशांच्या खाचांत अंग घासून टाकलेली तिची लांब कात वर्षाअखेरीस झाडलोटीत सापडली की मुले ती उन्हात धरून खवले मोजीत बसत. पुढे १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास चपट्या कौलांचा कारखाना काढला, ती कौले गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरू लागली, आणि ऐपतदारांची छपरे हळूहळू अशी झाली की त्यांत उंदराला व सापाला पूर्वीइतका थारा उरला नाही. गरिबांची घरे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही दरवर्षी पावसाआधी शाकारावी लागत.

या शाकारणीचा दिवस माणूस आणि सर्प यांच्या गाठीभेटीचा ठरलेला दिवस असे. दक्षिण कोकणातील एका घरी लहानपणी पाहिलेला असा एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे अजून स्पष्ट आहे. वैशाखातली सकाळ, जुना कुजका पेंढा खाली ओढला जात होता, धुळीने वर चढलेल्या गड्यांची डोकी पांढरी झाली होती, आणि एकदम आढ्याजवळचा एक गडी ओरडला, “आजये, नाग आसा गो! मोठो आसा!” खालची माणसे काठ्यांकडे धावली. घरातील वृद्ध आजी पदर खोचून अंगणात आली, कपाळावर हात आडवा धरून तिने वर पाहिले, आणि क्षणभराने म्हणाली, “नाग नाय तो. फणो काढल्यान काय? धामण ती. जाव दे तिका वाटेन.” धामण वाशावरून उतरली, भिंतीच्या कोपऱ्याशी थोडी थांबली, तिची काळसर जीभ दोनतीन वेळा लवलवली, आणि मग गडग्याच्या दगडांत ती कोठे शिरली हे पाहीपर्यंत शेपटीचे टोकही दिसेनासे झाले. आजीने उंबऱ्यावर चिमूटभर हळदकुंकू वाहिले आणि गड्यांना न्याहारी वाढायला ती आत गेली. तिला प्राणिशास्त्र ठाऊक नव्हते, पण फणा आहे की नाही हे पाहिल्यावाचून काठी उचलायची नाही, एवढा विवेक तिच्या परंपरेने तिला दिला होता.

ही परंपरा एकसंध नव्हती हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एका बाजूने, सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत सातेरीची देवळे आहेत, त्यांतील कित्येकांत देवी म्हणून वारूळच पूजिले जाते, आणि वारुळात सर्पाचा वास असतो या श्रद्धेमुळे देवराईतले वारूळ कोणी उकरीत नसे. प्रत्येक वास्तूला एक राखणदार असतो आणि तो बहुधा सर्परूपाने दर्शन देतो, ही समजूत तर घरोघर होती. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, काही चिरायचे नाही, हा नियम श्रावणातल्या त्या दिवसांत, जेव्हा पाणी भरलेल्या बिळांतून साप बाहेर पडलेले असतात, अगदी नेमका पाळला जाई. नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मारली गेल्याची कहाणी ऐकत वाढलेल्या मुलाच्या मनात सर्पाविषयी भीतीबरोबर एक अपराधी ममताही रुजत असे. दुसऱ्या बाजूने, धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून आचळ पिते, तिच्या शेपटीत विष असते, ती शेपूट माणसाच्या नाकात घालते, ती नागाची मादी असून तिला मारले तर नाग सूड घेतो, अशा समजुतींचे एक जंगल तिच्याभोवती वाढलेले होते. सापाचे दात आत वळलेले आणि सुईसारखे. त्याच्या ओठांची रचना चोखण्याजोगी नाही. आणि असे दात आचळाला लागले तर गाय निमूट उभी राहील हे कोणत्याही गुराख्याला पटू नये. तरीही गोठ्यात धामण दिसली, त्याच दिवशी गाईने दूध चोरले, की दोन्हींचा संबंध जोडला जाई आणि धामण मारली जाई. वस्तुतः ती गोठ्यात आंबोणाला आलेल्या उंदरांसाठी शिरलेली असे. ग्रीष्माच्या अखेरीस दोन धामणी एकमेकींना पीळ घालून अर्ध्या उंचीपर्यंत उभ्या राहतात, तो खेळ मीलनाचा समजून त्यावर नवे उपरणे टाकायचे आणि ते पेटीत जपून ठेवले की घरात धन वाढते असे मानायचे, हीही रूढी महाराष्ट्रभर होती. ते मीलन नसते. दोन नरांची ती झुंज असते, आणि ज्याचे डोके दुसऱ्याने जमिनीवर दाबले तो हरून निघून जातो. या भाबड्या रूढीने धामणीचे काही वाईट केले नाही. उलट उपरणे टाकायला आलेली माणसे तरी काठी घरी ठेवून येत.

अशा या मिश्र, परस्परविरोधी पण निदान सर्पासर्पांत भेद करणाऱ्या ज्ञानावर कंपनी सरकारानंतरच्या अंमलात एक नवीन दृष्टी लादली गेली, ती आकड्यांची. सर जोसेफ फेअरर या लष्करी वैद्याने १८६९ सालासाठी उत्तर व मध्य हिंदुस्थानातील प्रांतांतून सर्पदंशाच्या मृत्यूंची माहिती मागवली तेव्हा ११,४१६ मृत्यूंची नोंद हाती आली, आणि १८७२ साली त्याचा विषारी सर्पांवरील भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर सरकारपुढचा प्रश्न ठरून गेला: वाघ, लांडगा आणि सर्प हे रयतेचे शत्रू, त्यांचा नाश करणाऱ्यास बक्षीस द्यावे. हेतू वाईट नव्हता, कारण माणसे खरोखर मरत होती. परंतु इनामाची पद्धत ज्या कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचते त्याला मेलेल्या, ठेचलेल्या, उन्हात सुकलेल्या सापाची जात ओळखण्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते. जो साप मारून आणतो त्यालाही सरकारी जाहीरनाम्यातून एवढेच कळते की साप मारणे हे पुण्याचे आणि फायद्याचे काम आहे. विषारीपणाची अट कागदावर राहते आणि काठी मात्र जो दिसेल त्याच्यावर पडते. रत्नागिरीत इनामापायी मेली ती प्रामुख्याने फुरशी, यात शंका नाही, आणि त्यांची पैदास इतकी की लाखांनी मारूनही ती संपली नाहीत, आजही देवगडच्या कातळावर ती आहेत. परंतु ज्या पिढीने सर्प हा सरकारदरबारी नोंदलेला गुन्हेगार म्हणून पाहिला, त्या पिढीच्या मुलांना आजीचा तो कपाळावर हात धरून वर पाहण्याचा क्षण पुरेसा शिकवला गेला नाही, असे मला वाटते.

त्याच सुमारास मुंबईत याच्या उलट दिशेचे एक कार्य सुरू झाले होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयात बसून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. संस्थापकांपैकीच एक होते एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. साताऱ्यास १८५१ साली जन्मलेला हा स्कॉटिश कुटुंबातला मनुष्य मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरीला होता आणि ‘इहा’ या तीन इंग्रजी अक्षरांच्या नावाने लिहीत असे. बंगल्याच्या भिंतींत, छपरांत, बागेत आपल्याबरोबर राहणाऱ्या उंदीर, पाली, मुंग्या, कावळे यांना त्याने शेजारी म्हणून न्याहाळले आणि १८८३ सालच्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्यांची वर्णने अशा आपुलकीने केली की त्या काळच्या शिकारकथांच्या गर्दीत ते पुस्तक वेगळे उठून दिसते. पुढे फ्रँक वॉल या वैद्यकीय अधिकाऱ्याने सोसायटीच्या त्रैमासिकात १९०५ पासून हिंदुस्थानातील नेहमीच्या सर्पांवर रंगीत चित्रांसह लेखमाला लिहिली, तिच्यात धामणीला स्वतंत्र स्थान मिळाले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसातील हाफकिन संस्थेत पुढे सर्पविषावरील लस तयार होऊ लागली आणि तिच्यासाठी जिवंत फुरशी पुरवण्याचे काम कोकणातल्याच लोकांकडे आले. ज्या सापाच्या मुडद्यावर एके काळी इनाम मिळे, त्याच सापाच्या जिवंत देहाला आता मोल आले. याच संस्थेत काम केलेले डॉ. पु. ज. देवरस यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी लिहिलेल्या सर्पांवरील पुस्तकाने सामान्य वाचकाला चार प्रमुख विषारी साप कोणते आणि बाकीचे कोणते हे सोप्या भाषेत समजावले.

परंतु ग्रंथ आणि प्रयोगशाळा यांची पावले मंद असतात, आणि बाजाराची तशी नसतात. धामणीवरचे खरे संकट इनामाने आले नाही, ते चामड्याने आले. तिची कातडी लांब, रुंद, मऊ आणि नक्षीदार. पर्स, पट्टे, पादत्राणे यांसाठी परदेशी बाजारात तिला अजगराच्या कातड्याखालोखाल मागणी. विसाव्या शतकाच्या मध्याला मद्रास आणि कलकत्त्याच्या चर्मालयांतून सापांची कातडी गठ्ठ्यांनी परदेशी जात असत, आणि ज्या इरुळा, गारुडी अशा भटक्या व वन्य जमातींचे सापांविषयीचे ज्ञान सर्वांत सखोल होते, त्यांच्याच हातांना पोटासाठी हे काम धरावे लागले. व्यापाऱ्याला दलालांमार्फत माल मिळे आणि मूळ पकडणाऱ्याला कातड्यामागे जे मिळे ते त्याच्या एका वेळच्या भाकरीपुरते असे. या व्यापाराचा दोष मी त्या जमातींना देत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७६ साली सर्पचर्माच्या निर्यातीवर बंदी आली, आणि १९७८ साली मद्रासजवळ इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था उभी राहिली, तिने हेच कौशल्य विष काढून साप परत सोडण्याच्या कामी लावले. आज देशात तयार होणाऱ्या सर्पविषावरील औषधासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणात तेथूनच येते. धामणीचे नाव १९९० साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले.

कायदा झाला तरी तो गावच्या परड्यापर्यंत पोचवणारा मनुष्य लागतो. महाराष्ट्रात हे काम सर्पमित्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बहुधा बिनपगारी, तरुणांच्या एका पिढीने केले. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास एका काचेच्या खोलीत राहून दाखवले, ते कौतुक म्हणून नव्हे, साप डिवचल्यावाचून चावत नाही हे लोकांच्या डोळ्यांना पटावे म्हणून; आणि १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उघडले तेव्हा शाळांच्या सहली तेथे रांगेने येऊ लागल्या. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीने मात्र या कायद्यापुढे एक कठीण प्रश्न उभा केला. गोरक्षनाथांच्या कथेशी जोडलेल्या त्या उत्सवात पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नाग, आणि त्यांच्याबरोबर धामणीही, पकडून आणून पूजल्या जात आणि मिरवल्या जात. न्यायालयाच्या आदेशानंतर तेथे प्रतिमापूजेवर समाधान मानावे लागले. शिराळकरांची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती मला पोकळ वाटत नाही, कारण ज्या गावाने नाग मारला नाही त्याच गावाचे हात बांधले गेले. तरीही, मडक्यात कोंडलेल्या, हाताळून थकलेल्या सापाची जी दशा होते ती पाहता कायद्याची बाजू मी घेईन.

मोठ्या सापांचा विचार मुंबईवाचून पुरा होत नाही, कारण जगातील फारच थोड्या महानगरांच्या सीमेत असे अरण्य आहे. १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी पूर्ण झाले. पाणलोटाचे क्षेत्र निर्मळ राहावे म्हणून भोवतालची टेकड्यांची राने राखली गेली, आणि या राखलेल्या रानांभोवतीच आजचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उभे आहे. १९४९ साली पश्चिमेच्या उतारावर आरे दुग्धवसाहत आली, तिच्या गवताळ कुरणांनी आणि गोठ्यांनी अजगरालाही आपोआप आश्रय दिला. त्यानंतर मुलुंड, भांडुप, गोरेगाव, बोरिवली येथे चाळी आणि इमारती अरण्याच्या भिंतीला जाऊन टेकल्या, आणि पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याबरोबर दहा-बारा फुटांचे अजगर वाहनतळात, गटारात, कोंबड्यांच्या खुराड्यात सापडू लागले. अजगराची चोरी पकडली जाते ती विचित्र रीतीने: खुराड्याच्या फळ्यांच्या फटीतून तो रात्री आत शिरतो, दोन कोंबड्या गिळतो, आणि पोट फुगल्यामुळे त्याच फटीतून बाहेर पडता न आल्याने सकाळी मालकिणीच्या हाती सापडतो. तो विषारी नाही, माणसाला गिळल्याच्या कथांना आपल्याकडे थारा देण्याजोगे काही नाही. आणि त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून दोन महिने उपाशी बसते, अंग थरथरवून त्यांना ऊब देते, हे ज्याने एकदा वाचले किंवा पाहिले त्याचा हात त्या जिवावर उठणे कठीण आहे.

धामणीमागे कधी कधी येणारा एक पाहुणा मात्र दरारा उत्पन्न करणारा आहे. तिळारीच्या खोऱ्यात, दोडामार्ग तालुक्यात, गोव्याच्या सत्तरीत आणि तेथून खाली कर्नाटकाच्या आगुंब्यापर्यंत नागराज आहे, आणि त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे सापच, त्यांतही धामण. कुळागराजवळच्या घरात धामणी वाढल्या की तो त्यांच्या मागावर येतो, न्हाणीघरात किंवा लाकडांच्या राशीत शिरतो, आणि बारा फुटांच्या देहाचा तृतीयांश भाग उभा करून पाहू लागला की सारे घर स्तब्ध होते. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७१ साली आगुंब्याला तो पाहिला आणि २००५ साली तेथेच संशोधन केंद्र उभारले. २०२४ साली शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातला नागराज ही जगातील इतर नागराजांहून निराळी जात असल्याचे ठरवून तिला ‘कालिंगा’ हे नाव दिले, कारण कानडी मुलखात लोक त्याला काळिंग सर्प म्हणतच आले होते. पालापाचोळा अंगाच्या वेटोळ्यांनी ओढून त्याचा ढीग रचून अंडी घालणारा साप हा एकच. इतके भयंकर विष असूनही त्याच्या दंशाने माणूस मरण्याचे प्रसंग फार विरळा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा अंदाज आहे. ती बहुतेक शेतात, अंगणात, भुईवरच्या अंथरुणात, घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे यांच्या दंशाने मेली. त्यांच्यासाठी हवे आहे ते जवळच्या आरोग्य केंद्रात वेळेवर मिळणारे औषध, रात्री पायाखाली पाहण्यापुरता उजेड आणि निजायला खाट किंवा मच्छरदाणी. धामण मारल्याने यांतले एकही मिळत नाही; उलट तिच्या जाण्याने वाढलेले उंदीर भात खातात, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा ताप ज्या मूत्रातून पसरतो तेही त्यांचेच असते.

आता परिस्थिती बदलली आहे असे म्हणावे तर ते एका अर्थाने खरे आहे. पूर्वी ज्या घरातून काठीचा आवाज येई तेथून आज सर्पमित्राला दूरध्वनी जातो. तो येतो, हुकाने शेपूट उचलतो, धामण कापडी पिशवीत घालतो, आणि घरमालक हात जोडून सांगतो, “दादा, हिला लांब, अगदी जंगलात नेऊन सोडा.” इथे अनुभवी सर्पमित्र अडतात. परक्या रानात सोडलेल्या सापाला पाणी, बीळ, आडोसा, शत्रू यांपैकी काहीच ठाऊक नसते, तो भटकत राहतो, आणि पुष्कळदा जगत नाही. म्हणून धामणीसारखा साप त्याच गावाच्या शिवारात, सापडल्या जागेपासून थोड्या अंतरावर सोडावा असा त्यांचा आग्रह असतो. मालकाला हे पटवताना त्यांना अर्धा-अर्धा तास अंगणात उभे राहावे लागते. काही जण पिशवीचे तोंड थोडे सैल करून धामणीचे डोळे दाखवतात, ओठांवरच्या काळ्या रेघा दाखवतात, मुलांना पुढे बोलावून नाग आणि धामण यांतला फरक सांगतात. ज्या घरांनी अलीकडे दगडी गडगा पाडून त्या जागी सिमेंटची भिंत घातली आहे तेथे पिशवी उघडायला आडोसाच नसतो. तेव्हा शेजाऱ्याच्या परड्यात, उकिरड्याच्या पलीकडे, जिथे अजून दगडांची रास आणि करवंदीची जाळी शिल्लक आहे, तिथे धामण सोडून ते मोटारसायकलीला लाथ मारतात आणि पुढच्या वर्दीवर निघून जातात.